सोळा घरांचा पट

केंब्रिज शहरातून नदीकाठाने चालत निघालं की तासाभराच्या आत ग्रँटचेस्टर नावाचं खेडं लागतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या मर्टन हाउसच्या आवारात कोंबड्यांची खुराडी होती, स्वीट पीच्या वेलींच्या रांगा होत्या आणि प्रत्येक पक्ष्याची, प्रत्येक रोपाची कुळकथा लिहून ठेवलेल्या वह्या होत्या. घर विल्यम बेटसन यांचं. पेशाने ते प्राणिशास्त्रज्ञ, पण त्यांना जे शोधायचं होतं त्यासाठी विद्यापीठात ना खातं होतं, ना प्रयोगशाळा. अंडी उबवण्यापासून पिल्लांच्या मोजदादीपर्यंत पत्नी बिॲट्रिस बरोबरीने राबत. बारावीची मुलं पेपरात जी ‘पनेटची चौकट’ पट्टी घेऊन आखतात, ती अशा अंगणांतल्या हिशेबातून निघाली.

मूळ हिशेब अर्थात ग्रेगोर मेंडेल यांचा. ब्र्युन शहरातल्या या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर केले आणि १८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन सभांत त्याचं वाचन केलं. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकराची दुसरी पिढी त्यांनी मोजली, तेव्हा ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल निघाले आणि १,८५० सुरकुतलेले. तिनास एक. पहिल्या पिढीत पार नाहीसा झालेला गुण दुसऱ्या पिढीत अबाधित परत येतो, म्हणजे तो विरघळत नाही, नुसता झाकला जातो, हे या आकड्यांचं सांगणं होतं. ते जगाच्या कानावर पडायला १९०० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी युरोपात तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी मेंडेल यांचा निबंध पुन्हा उजेडात आणला आणि बेटसन यांनी तो इंग्लंडमध्ये डोक्यावर घेतला.

त्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोक मोजकेच होते, आणि त्यांत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी होती. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. त्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी न्यूनहॅम कॉलेजच्या मुली बेटसन यांच्यासाठी संकर करत होत्या. म्युरिएल व्हेल्डेल स्नॅपड्रॅगनच्या फुलांचे रंग तपासत, फ्लॉरेन्स डरहॅम उंदरांच्या कातडीचे रंग. या सगळ्यांत ज्येष्ठ होत्या एडिथ रिबेका सॉन्डर्स. स्त्रियांच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेचा कारभार त्या पाहत आणि स्वतंत्रपणेही रोपांचे संकर करत. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत चौकटीवर एकाच माणसाचं नाव येतं. माझ्या मते सॉन्डर्सबाईंचं नाव त्या पानावर असायला हवं होतं, कारण या मंडळींच्या हिशेबांतले कितीतरी आकडे त्यांच्या वाफ्यांतून आले.

रेजिनाल्ड क्रंडल पनेट या मंडळीत आले १९०४ च्या सुमारास. जन्म १८७५ चा, शिक्षण केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात, आणि तोवरचा अभ्यास समुद्रातल्या फीतकृमींचा. माणूस नीटनेटका, हात हिशेबाला बसलेला. १९०५ मध्ये त्यांनी ‘मेंडेलिझम’ नावाचं छोटेखानी पुस्तक लिहिलं. सामान्य वाचकाला हा विषय पहिल्यांदा सोप्या भाषेत कळला तो या पुस्तकातून.

त्या काळी विरोधही कडवा होता. कार्ल पिअर्सन आणि वॉल्टर वेल्डन या संख्याशास्त्राच्या बाजूच्या मंडळींना मेंडेल यांचे नियम भाबडे वाटत. वेल्डन यांनी वाटाण्याच्या दाण्यांची छायाचित्रंच छापून दाखवलं होतं की पिवळा आणि हिरवा यांच्यामध्ये छटांची अख्खी रांग असते. ‘एक तर हा, नाहीतर तो’ असं निसर्गात कुठे असतं, हा त्यांचा सवाल. १९०४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश असोसिएशनची सभा केंब्रिजलाच भरली आणि दोन्ही पक्षांची भर सभेत जुंपली. वेल्डन यांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. माणसाची उंची, कातडीचा रंग यांसारख्या गुणांबाबत तो आजही खरा आहे, एखाद-दुसऱ्या जनुकाच्या चौकटीत ते बसत नाहीत. पण बेटसन-पनेट यांना आधी जे बसतं ते नीट बसवून दाखवायचं होतं, आणि त्यासाठी कोंबड्यांचे तुरे हाताशी होते.

तुऱ्याचं प्रकरण असं. वायनडॉट जातीच्या कोंबड्याचा तुरा पसरट, खडबडीत असतो. त्याला गुलाबी तुरा म्हणू. ब्रह्मा जातीचा तुरा बुटका, तीन ओळींचा. तो वाटाणा तुरा. लेगहॉर्नचा आपल्या ओळखीचा, दातेरी पात्यासारखा एकेरी तुरा. शुद्ध गुलाबी तुऱ्याच्या आणि शुद्ध वाटाणा तुऱ्याच्या पक्ष्यांची जोडी लावली की सगळी पिल्लं तिसऱ्याच तुऱ्याची निघतात, अक्रोडाच्या अर्ध्या कवचासारख्या. आणि या अक्रोडी पिल्लांची आपापसांत जोडी लावली की नातवंडांत अक्रोडी येतात, गुलाबी येतात, वाटाणा येतात आणि मधूनच एखादं चक्क एकेरी तुऱ्याचं निपजतं. हा एकेरी तुरा ना आईबापांना होता, ना आजी-आजोबांना. जुन्या कोंबडीपालकांनी याला ‘रक्त उलटलं’ म्हटलं असतं.

पनेट यांनी बुद्धिबळाच्या पटासारखा एक चौकोन आखला, चार घरं आडवी आणि चार उभी. अक्रोडी कोंबड्याकडून चार तऱ्हेची बीजं येऊ शकतात : गुलाबी आणि वाटाणा हे दोन्ही घटक असलेलं, नुसतं गुलाबी घटकाचं, नुसतं वाटाण्याचं, आणि दोन्ही नसलेलं. ही चार वरच्या कडेला लिहिली. कोंबडीकडूनही तीच चार, ती डाव्या कडेला. आडवी ओळ आणि उभी ओळ जिथे छेदतात त्या घरात दोघांकडचं मिळून काय जमलं ते लिहायचं. सोळा घरं भरली की मोजायचं. नऊ घरांत दोन्ही घटक येतात, ती पिल्लं अक्रोडी. तीन घरांत गुलाबीचाच घटक, तीन घरांत वाटाण्याचाच, आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक घर असं की तिथे दोन्हीपैकी काहीच नाही. तिथे एकेरी तुरा. मेंडेल यांनी वाटाण्यात पाहिलेलं ९:३:३:१ हेच.

डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा या पटात एक गोष्ट जास्त होती. अक्रोडी तुऱ्याच्या नऊ घरांपैकी शुद्ध अक्रोडी घर एकच. बाकीच्या आठ घरांतली पिल्लं तुऱ्याने तशीच दिसतात, पण कुणी गुलाबीचा अर्धा वाटा झाकून बसलेला असतो, कुणी वाटाण्याचा, कुणी दोन्हींचा. गुलाबी तुऱ्याच्या तिघांतही शुद्ध एकच. ज्याला जातिवंत कळप उभा करायचा आहे त्याला कुठला पक्षी ठेवावा हे तुऱ्याकडे पाहून कळणार नाही. तो पक्षी एकेरी तुऱ्याच्या पक्ष्याशी जोडून पाहावा आणि पिल्लं काय निघतात ते मोजावं, ही वाट पटाने दाखवली.

ही मांडणी आकाशातून पडली नव्हती. मेंडेल यांच्याच निबंधात तिच्याशी मिळतीजुळती आकृती आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी तीन घटकांची एक आकृती बेटसन यांना पाठवली होती, ती त्यांच्या पत्रव्यवहारात राहिली आहे. आणि पनेट ज्या कॉलेजात फेलो होते तिथेच, त्याच काळात, वर्तुळांच्या आकृत्यांचे जनक जॉन व्हेन हेही फेलो होते. बेटसन, सॉन्डर्स, पनेट यांच्या १९०६ च्या लेखनात चौकोन छापला गेला आणि १९०७ च्या ‘मेंडेलिझम’च्या दुसऱ्या आवृत्तीतून तो शिकवणाऱ्यांच्या हाती पडला.

चौकोनाने अपेक्षा आकड्यांत बांधून दिली. त्यामुळे आकडा चुकला की चूक ठळक दिसू लागली, आणि आनुवंशशास्त्राची पुढची वाट अशा चुकलेल्या आकड्यांनीच दाखवली, असं मला हा काळ वाचताना सतत वाटत आलं आहे.

पहिला धक्का फुलांनी दिला. स्वीट पीच्या दोन पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला आणि सगळी रोपं जांभळ्या फुलांची आली. पुढच्या पिढीत जांभळ्या-तांबड्या रंगीत फुलांची आणि पांढऱ्यांची वाटणी नवास सात अशी पडली. सोळा घरांचा पट समोर ठेवला की कोडं सुटतं : रंगासाठी दोन वेगळे घटक लागतात, एकेका पांढऱ्या झाडाकडे त्यातला एकेकच होता. दोन्ही असलेली घरं नऊ. एक तरी कमी पडणारी घरं सात, ती सगळी पांढरी. रंग एक, त्यामागचे हात दोन, हे इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या धक्क्याचं कोडं मात्र या मंडळींना सुटलं नाही. याच स्वीट पीमध्ये फुलाचा रंग जांभळा किंवा तांबडा, आणि परागकणांचा आकार लांबट किंवा गोल, असे दोन गुण त्यांनी एकत्र पाहिले. जांभळा आणि लांबट प्रभावी. दुसऱ्या पिढीत ९:३:३:१ यायला हवं. मोजणी होत होत ६,९५२ रोपांपर्यंत गेली. पटाच्या हिशेबाने जांभळी-लांबट साधारण ३,९११ हवी होती, निघाली ४,८३१. तांबडी-गोल ४३५ हवी होती, निघाली १,३३८, म्हणजे तिप्पट. आणि मधले दोन मिश्र गट १,३०३-१,३०३ च्या जागी ३९० आणि ३९३ वर येऊन थांबले. जे गुण आजोबांकडून जोडीने आले ते नातवांत जोडीनेच उतरत होते. सोळा घरं सारख्या वजनाची आहेत हे गृहीतच इथे कोसळलं.

बेटसन आणि पनेट यांनी या जोडीने येण्याला नाव दिलं, बीजं तयार होताना काही तऱ्हा जास्त वेळा दुणावत असाव्यात अशी एक खटपटीची उपपत्तीही मांडली. खरं उत्तर न्यूयॉर्कमध्ये फळमाश्यांच्या बाटल्या घेऊन बसलेल्या थॉमस मॉर्गन यांना १९११ मध्ये सुचलं : दोन्ही घटक एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेले असतात, म्हणून सहसा सुटत नाहीत. आणि मग त्यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी, किती वेळा सुटतात यावरून ते किती अंतरावर बसलेत हे काढून १९१३ मध्ये गुणसूत्राचा पहिला नकाशा रेखला. केंब्रिजकरांच्या वह्यांत हा पुरावा सहा वर्षं आधीपासून पडून होता. बेटसन यांना गुणसूत्रांचा विचार मनापासून पटत नसे आणि पनेट त्यांच्याबरोबर राहिले. इतक्या प्रामाणिकपणे केलेली मोजणी हाताशी असताना उत्तर दुसऱ्याच्या टेबलावर सापडावं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

बेटसन आणि पनेट यांनी १९१० मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ सुरू केलं. नंतर ते आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याकडे गेलं आणि १९५७ मध्ये हॉल्डेन भारतात राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर इथेच आलं. आज ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीकडून निघतं.

तिसरा पेच १९०८ चा. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये पनेट यांनी मेंडेल यांचे नियम आणि माणसांचे आजार यांवर व्याख्यान दिलं. चर्चेत संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी आखूड बोटांचा मुद्दा काढला. हा गुण प्रभावी आहे असं तुम्ही म्हणता, मग काळाच्या ओघात समाजात आखूड बोटांची माणसं तिनास एक का होत नाहीत? पनेट यांना उत्तर आहे हे जाणवत होतं, मांडता येत नव्हतं. त्यांनी ते नेलं आपल्या क्रिकेटच्या सोबत्याकडे. हा सोबती म्हणजे गणिती जी. एच. हार्डी, ज्यांच्या बोलावण्यावरून रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले ते.

हार्डी यांना हे गणित इतकं सोपं वाटलं की ते छापायचा त्यांना संकोच झाला. त्यांचं छोटं पत्र अमेरिकेच्या ‘सायन्स’ नियतकालिकात १० जुलै १९०८ रोजी आलं. पटाच्याच भाषेत सांगायचं तर कडेवर एका जोडप्याच्या बीजांऐवजी साऱ्या समाजाची बीजं मांडायची. समजा, त्यात एक घटक शेकडा ९० आहे आणि दुसरा शेकडा १०. मग वरची कड निम्मी-निम्मी न कापता ९० आणि १० अशी कापायची, डावी कडही तशीच. चार घरांचं क्षेत्रफळ भरतं ८१, ९, ९ आणि १. म्हणजे शंभरात ८१ एका बाजूचे शुद्ध, १८ मिश्र, एक दुसऱ्या बाजूचा शुद्ध. आता या शंभर जणांची बीजं पुन्हा मोजली तर दुसरा घटक शेकडा १० च निघतो, नऊ मिश्रांकडून आणि एक त्या एकट्याकडून. पुढच्या पिढीतही तेच. प्रभावी असणं म्हणजे वाढत जाणं नव्हे. तिनास एक हे प्रमाण दोन मिश्र जोडीदारांच्या संततीचं आहे, समाजाचं नाही. श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी हेच त्या वर्षीच्या जानेवारीत जर्मनीत मांडलं होतं. त्यांचं नाव हार्डी यांच्या जोडीला लागायला १९४३ साल यावं लागलं.

पनेट यांचे हातही रिकामे नव्हते. श्रीलंकेत जाऊन त्यांनी कॉमन मॉर्मन फुलपाखरं पाहिली. आपल्याकडे कढीपत्त्यावर, लिंबावर अंडी घालणारं काळं फुलपाखरू ते हेच. त्याची मादी तीन रूपांत येते, एक नरासारखं, दोन विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी. ही रूपं मेंडेल यांच्या हिशेबात बसतात असं पनेट यांनी १९१५ च्या पुस्तकात दाखवलं. मादीचं रूप ठरवण्यामागे ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक आहे, हे २०१४ मध्ये ज्यांनी सिद्ध केलं त्या चमूत ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ लिहिणारे कृष्णमेघ कुंटे प्रमुख होते. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना एका दिवसाच्या पिल्लांत नर कोण, मादी कोण हे पिसांच्या रंगावरून ओळखायची युक्तीही पनेट यांनी पुढे आणली. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांची पिल्लं पाहिली तर नर रुपेरी निघतात, माद्या सोनेरी. नको असलेली नर-पिल्लं पोसण्यात दाणा जात नाही.

पण याच माणसाच्या लेखणीतून १९१७ मध्ये एक अस्वस्थ करणारा हिशेब उतरला. सुप्रजननाचं वारं तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत जोरात होतं. ‘मंदबुद्धी’ हा एका जनुकाचा अप्रभावी गुण आहे असं मानलं जाई आणि अशा माणसांना मूल होऊ दिलं नाही की दोष नाहीसा होईल अशी भाषा सभ्य घरांत चाले. पनेट यांनी हार्डी यांच्या सूत्राने आकडे मांडले. शंभरात एक असलेला दोष लाखात एक व्हायला, प्रत्येक पिढीत प्रत्येक बाधित माणसाला वगळलं तरी, आठ हजारांहून जास्त वर्षं लागतील. कारण घटक बाधितांत थोडा आणि धडधाकट दिसणाऱ्या मिश्रांत फार असतो. दहा हजारांत एक बाधित असेल तर वाहक १९८ असतात. इतकं स्वच्छ दिसल्यावर पनेट यांनी सुप्रजननाची साथ सोडायला हवी होती. त्यांनी उलट निष्कर्ष काढला की मग वाहकच हुडकून काढायला हवेत. एक तर बुद्धी एका जनुकाची नसतेच, वेल्डन यांचा इशारा इथे लागू होता. आणि पटातल्या घराला माणसाच्या लायकीचं माप समजणं ही त्या पिढीची चूक होती. तिची किंमत सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यांनी हजारो निरपराध माणसांकडून वसूल केली.

पनेट १९६७ मध्ये वारले, वय ९१. तोवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वारसा साधा चार घरांचा आहे हे १९४९ मध्ये जेम्स नील यांनी अमेरिकेत दाखवून दिलं होतं. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीपासून विदर्भाच्या गावागावांत हा आजार आहे, आणि तिथल्या बोलण्यात ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द रुळलेले आहेत. एएस म्हणजे वाहक, सहसा तक्रार नसलेला. एसएस म्हणजे आजारी. नवरा-बायको दोघं एएस असतील तर चार घरांत एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी.

हे समजावताना सगळ्यांत अवघड जातं ते चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत हे सांगणं. पहिलं मूल एसएस निघालं तर ‘आता पुढची तीन सुटली’ असा समज होणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तो धोक्याचा आहे. प्रत्येक गर्भाला पट नव्याने आखावा लागतो, प्रत्येक वेळी चारास एक. एका घरात दोन मुलं आजारी आणि शेजारच्या घरात चारही ठणठणीत, आईबाप दोन्हीकडे एएसच, असं होऊ शकतं आणि त्यात कुणाचंही पाप-पुण्य नसतं. आईच्या रक्ताला दोष देण्याची सवय असलेल्या घरांत तर हेही सांगावं लागतं की आजारी मुलाच्या त्या घरात एक एस घटक वरच्या कडेने आलाय आणि एक डावीकडच्या, दोघांचा वाटा सारखा. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी झाली असेल तर ही चौकट कागदावर आधीच आखता येते. आणि गर्भ राहिल्यावर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा नमुना तपासला, तर चारांपैकी कुठलं घर भरलं आहे ते डॉक्टर सांगू शकतात.